घरी 'ब्लश वाइन' बनवायचं किट : डब्यात काय असतं, वाइन कशी होते आणि महाराष्ट्रात ते का चालत नाही?

रील्समध्ये हा व्हिडिओ कधी ना कधी समोर येतोच. पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत कुणीतरी पिशवीतला दाट रस ओततं, वरून पाणी घालतं आणि छोटी पुडी फोडून यीस्ट भुरभुरवतं. पुढच्या दृश्यात काचेच्या मोठ्या बाटलीत बुडबुडे, आणि शेवटी फिक्या गुलाबी रंगाने भरलेले ग्लास. खाली ओळ असते, 'महिनाभरात तीस बाटल्या'. कमेंटमध्ये मराठीतले प्रश्नही ठरलेले असतात. हे किट आपल्याकडे मिळतं का? घरी केली तर चालते का? वाइन म्हणजे दारू थोडीच?

यातले बहुतेक व्हिडिओ अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमधले असतात. तिथे स्वतःसाठी घरी वाइन करायला कायद्याची हरकत नाही. पण तेच किट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीत कुणी घरी उघडलं आणि त्यात यीस्ट घातलं, तर तो छंद राहत नाही. महाराष्ट्रात तो गुन्हा ठरतो. रीलमध्ये ही गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून हे किट काय असतं, ते कसं चालतं आणि कायदा नेमका कुठे आड येतो, ते एकदा नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- ब्लश वाइन म्हणजे काळ्या द्राक्षांपासून केलेली फिकी गुलाबी, बहुतेक वेळा थोडी गोड वाइन.
- किटमध्ये तयार वाइन नसते. त्यात द्राक्षांचा आटवलेला रस, यीस्ट आणि वाइन टिकवण्या-नितळवण्याच्या पुड्या असतात.
- नेहमीच्या मोठ्या किटमधून २३ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या साधारण ३० बाटल्या होतात.
- महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. 'फक्त घरच्यापुरती' अशी सूट त्यात नाही.

ब्लश वाइन हा प्रकार आला कुठून?

गुलाबी वाइनला फ्रेंचमध्ये 'रोझे' म्हणतात आणि ती फार जुनी आहे. 'ब्लश' हे नाव मात्र १९७० च्या दशकातलं, कॅलिफोर्नियातलं. तिथल्या नापा व्हॅलीतल्या 'सटर होम' वायनरीत झिनफँडेल या काळ्या द्राक्षाची लाल वाइन बनायची. ती अधिक गडद व्हावी म्हणून थोडा रस सुरुवातीलाच बाजूला काढला जाई आणि त्याची फिकी वाइन केली जाई. १९७५ मध्ये या फिक्या रसाचं आंबणं मध्येच थांबलं. सगळी साखर संपली नाही, त्यामुळे वाइन गोडसर आणि गुलाबी झाली. लोकांना ती आवडली आणि 'व्हाइट झिनफँडेल' या नावाने तुफान खपली.

त्याच सुमारास सोनोमातल्या 'मिल क्रीक' वायनरीच्या फिक्या गुलाबी वाइनसाठी जेरी मीड या वाइन-लेखकाने 'ब्लश' हा शब्द सुचवला. लाजल्यावर गालावर येते ती लाली, असा त्याचा अर्थ. आज रोझे आणि ब्लश हे शब्द सरमिसळ वापरले जातात. साधारणपणे ब्लश म्हटलं की रंग फिका, चव गोडसर आणि अल्कोहोल थोडं कमी, असं समजलं जातं. आपल्याकडे नाशिकमध्येही झिनफँडेलची रोझे बनते.

गुलाबी रंग कसा येतो?

काळं द्राक्ष सोलून पाहिलं तर आतला गर बहुतेक जातींमध्ये पांढरट-हिरवटच असतो. रंग असतो सालीत. देवगाव रंगारी या नावातला 'रंगारी' म्हणजे कापड रंगवणारा. त्याच्या कामात कापड रंगात किती वेळ बुडवलं यावर छटा ठरते, तसंच इथेही घडतं. साल आणि रस किती वेळ एकत्र राहिले, त्यावर वाइनचा रंग ठरतो.

लाल वाइनमध्ये साली कित्येक दिवस रसातच राहतात. पांढऱ्या वाइनमध्ये त्या लगेच काढतात. गुलाबी वाइनमध्ये काही तास, फार तर एखादा दिवस ठेवून काढून टाकतात. किट घेणाऱ्याला हे काहीच करावं लागत नाही. रस आटवून पिशवीत भरला जातो तेव्हाच त्याचा रंग ठरलेला असतो. किट सोपं वाटतं ते यामुळे, कारण वाइन बनवण्यातलं अवघड काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं.

किटच्या खोक्यात काय काय असतं?

द्राक्षांचा आटवलेला रस : साखर, आम्ल, रंग आणि चव यातूनच येते. पाणी घालून तो ठरलेल्या मापापर्यंत वाढवतात.

वाइन यीस्ट : साधारण ५ ग्रॅमची पुडी. बेकरीत पाव फुगवतं ते यीस्ट याच कुळातलं, पण वाइनसाठी निवडलेली जात जास्त अल्कोहोल सहन करते आणि आंबणं संपलं की तळाशी नीट बसते.

बेंटोनाइट : ही एक प्रकारची माती आहे. वाइन गढूळ करणारी प्रथिनं तिला चिकटतात आणि खाली बसतात.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट : जंतू आणि हवेपासून वाइनचं रक्षण करतं. सरबतं, स्क्वॅश टिकवायला वापरतात तेच. सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो.

पोटॅशियम सॉर्बेट : यीस्टची पुढची वाढ थांबवतं. ब्लशमध्ये शेवटी गोडवा घालायचा असतो, म्हणून हे लागतं.

गोड रसाची छोटी पिशवी : आंबणं पूर्ण झाल्यावर चवीसाठी घालतात.

नितळवणारी द्रव्यं : तरंगणारे कण एकत्र करून तळाशी नेतात.

भांडी सहसा वेगळी घ्यावी लागतात. त्यात झाकणाची बादली, काचेची मोठी बाटली, नळी, घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि एअरलॉक येतं. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली छोटी नळी. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

बादलीत नेमकं काय घडतं?

यीस्ट रसातली साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता तयार होते. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं तेही वायूमुळेच. तिथे काम मुख्यतः जिवाणूंचं असतं आणि वाफवल्यावर ते थांबतं. इथे यीस्टला आठवडेभर मोकळं रान मिळतं.

जिथे हे कायदेशीर आहे तिथे किटचं वेळापत्रक साधारण असं चालतं. पहिल्या दिवशी सगळी भांडी निर्जंतुक करून रस, पाणी आणि यीस्ट एकत्र केलं जातं. पाच-सात दिवस जोरात फेस येतो. मग गाळ मागे ठेवून रस काचेच्या बाटलीत काढतात आणि उरलेली साखर संपेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस ठेवतात. त्यानंतर ढवळून अडकलेला वायू काढतात, सल्फाइट आणि सॉर्बेट घालतात, गोड रस मिसळतात आणि नितळवणारी द्रव्यं टाकतात. एक-दोन आठवड्यांत वाइन नितळ होते आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यात बाटल्यांत भरली जाते.

क्रम चुकला तर काय होतं, हेही पाहा. आंबणं संपण्याआधी किंवा सॉर्बेट न घालता गोड रस घातला आणि बूच लावलं, तर बाटलीत पुन्हा वायू तयार होतो. दाब वाढून बूच उडतं, कधी काच फुटते. पहिल्या आठवड्यात बादली घट्ट बंद केली तरी हाच धोका असतो. २३ लिटरच्या किटमध्ये साडेचार किलोच्या आसपास साखर असते आणि तिच्यापासून दोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हजार लिटरहून जास्त वायू. तो हळूहळू निघतो, पण कोंडायला जागा दिली तर काच त्याला पुरी पडत नाही.

अल्कोहोल किती झालं, हे कसं मोजतात?

चवीवरून ते कळत नाही. हायड्रोमीटर रसाची घनता मोजतो. पाण्याची घनता १.०००. साखर विरघळलेला रस जड असतो, त्यामुळे ब्लश किटची सुरुवात १.०८० च्या आसपास होते. साखर संपली आणि अल्कोहोल तयार झालं की घनता पाण्यापेक्षाही कमी, म्हणजे ०.९९६ च्या जवळ येते. दोन्हींतला फरक ०.०८४. त्याला १३१ ने गुणलं की ११ येतात. म्हणजे सुमारे ११ टक्के अल्कोहोल.

तुलनेसाठी, साधी बिअर ४ ते ५ टक्क्यांची असते. ११ टक्क्यांच्या दीडशे मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. रंग फिका आणि चव गोड असल्यामुळे हा आकडा बदलत नाही.

मराठवाड्याच्या हवेत हे जमेल का?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी इथलं हवामान किटच्या कागदावर बसत नाही. किटवरच्या सूचनेत १८ ते २४ अंश तापमान सांगितलेलं असतं. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. शिवाय आंबताना रस स्वतःही तापतो. तीस अंशांपुढे यीस्ट ताणात येतं, फळाचा हलका सुवास उडून जातो, नको ते वास येतात आणि कधी आंबणं मध्येच थांबतं. ब्लशची सारी मजा त्या हलक्या सुवासातच असल्याने तिचं नुकसान लाल वाइनपेक्षा जास्त होतं. वायनरीत म्हणूनच थंड पाणी खेळवलेल्या स्टीलच्या टाक्या असतात.

'किट कशाला, बाजारातली द्राक्षं वापरू' असंही कुणी म्हणतं. पण थॉमसन, सोनाका, शरद ही आपली खायची द्राक्षं गोड, पातळ सालीची आणि कमी आंबट. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची आणि आम्ल टिकवून असतात. म्हणून वाइनसाठी झिनफँडेल, शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां अशा वेगळ्या जाती लावल्या जातात.

आता मुख्य प्रश्न : कायदा काय म्हणतो?

दारूचा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. आपल्याकडे लागू आहे तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. तो झाला तेव्हा देवगाव रंगारी मुंबई राज्यात नव्हतंच. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे हा कायदा इथेही लागू झाला.

नावात 'दारूबंदी' असून दुकानं कशी चालतात, असं अनेकांना वाटतं. या कायद्याची रचना अशी आहे की मूळ नियम बंदीचा, आणि परवाना हा अपवाद. बनवणं, जवळ ठेवणं, वाहतूक, विक्री, खरेदी, अगदी पिणं, प्रत्येक गोष्टीला परवाना किंवा परमिट लागतं. दुकानात किंवा बारमध्ये एक दिवसाचं परमिट फाडलं जातं ते याचसाठी.

यातल्या तीन गोष्टी किटशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली, व्याख्या. कायद्यातल्या 'दारू' या शब्दात स्पिरिट, बिअर, ताडी यांच्यासोबत वाइनचं नाव घेतलेलं आहे, आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव त्यात येतात. 'वाइन म्हणजे दारू नाही' हे वाक्य राजकीय वादात ऐकू येतं, कायद्यात मात्र त्याला जागा नाही.

दुसरी, कलम १२. परवान्याशिवाय दारू बनवायला ते मनाई करतं. किती लिटर, विकायला की प्यायला, असा फरक तिथे केलेला नाही. ख्रिस्ती धर्मविधीत लागणाऱ्या वाइनसाठीसुद्धा कायद्यात स्वतंत्र परवानगीची तरतूद आहे. नाताळाला घरी वाइन करायची परंपरा काही घरांत असली, तरी परंपरा हा परवाना होत नाही.

तिसरी, कलम ६५. बेकायदा दारू बनवणं, बाटल्यांत भरणं, जवळ बाळगणं यासाठी त्यात तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. दारू बनवण्याच्या हेतूने साहित्य आणि भांडी बाळगणंही याच कलमात येतं. गावाकडच्या बातम्यांत 'कलम ६५ (ई)', '६५ (फ)' असं वाचायला मिळतं ते हेच कलम. हातभट्टीवर धाड पडली की 'इतके लिटर रसायन नष्ट केलं' अशी ओळ असते. ते रसायन म्हणजे आंबवलेलं, पण अजून गाळून दारू न काढलेलं द्रावण. किटच्या बादलीत उकळल्यासारखा फेसाळणारा गुलाबी रसही कायद्याच्या नजरेत त्याहून फार वेगळा नाही. त्यातही अल्कोहोल असतंच.

नेहमीचे गैरसमज

'किट ऑनलाइन मिळतं, म्हणजे चालत असणार.' आटवलेला द्राक्षरस, यीस्ट आणि बादली या वस्तू दारू नाहीत, म्हणून त्या विकल्या जाऊ शकतात. त्यांची वाइन करणं ही वेगळी कृती आहे आणि परवाना त्या कृतीला लागतो.

'विकत नाही, घरीच पितो.' विक्री केली तर आणखी गुन्हे लागतात. पण विक्री न केल्याने बनवणं कायदेशीर होत नाही.

'घरी केली की मिथेनॉल होऊन माणसं मरतात.' ही भीती चुकीच्या जागी आहे. द्राक्षरस आंबताना मिथेनॉल अगदी थोडं तयार होतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक जीव गेले ते विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. घरच्या वाइनचे खरे धोके म्हणजे अस्वच्छता, फुटणाऱ्या बाटल्या आणि नेमकं किती अल्कोहोल पोटात गेलं हे न कळणं.

'वाइन सुपरमार्केटात आली आहे, आता सगळं मोकळं.' २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर मोठा विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात आला नाही. शिवाय तो विक्रीबद्दल होता, घरी बनवण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

मग परदेशातले नातेवाईक कसं करतात?

अमेरिकेत केंद्रीय नियमानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर वाइन स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही. ब्रिटन आणि कॅनडातही घरगुती वापरासाठी मुभा आहे. तिथे मूळ नियम मुभेचा आहे आणि मर्यादा वरून घातलेली, आपल्याकडे मूळ नियम बंदीचा आहे आणि परवाना वरून दिलेला. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाने दाखवलेली कृती शब्दशः खरी असू शकते आणि तरी देवगाव रंगारीत ती करणारा आरोपी होऊ शकतो. किट बॅगेत घालून आणता येईल, तिकडची मुभा मात्र सोबत येत नाही.

ज्यांना खरंच रस आहे त्यांनी काय करावं?

नुसती उत्सुकता असेल तर वायनरी पाहून या. पश्चिमेला नाशिक जिल्ह्यात अनेक वायनरी पाहुण्यांना टाक्या, यंत्रं आणि प्रक्रिया दाखवतात. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ त्यासाठी सगळ्यात चांगला.

व्यवसाय करायचा असेल तर रस्ता उघडा आहे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिकमधलं विंचूर व सांगलीतलं पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. वायनरीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, अन्नसुरक्षा परवाना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पहिली चौकशी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात करावी. द्राक्षाच्या जाती आणि लागवडीसाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे.

आणि फक्त तो रंग हवा असेल, तर काळी द्राक्षं धुऊन कुस्करा, अर्धा तास फ्रिजमध्ये साली रसातच राहू द्या, मग गाळा. रस मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवा, उकळू नका. गार करून थोडं लिंबू पिळा आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. साली जास्त वेळ ठेवल्या की रंग गडद होतो, लवकर काढल्या की ब्लश. बाहेर उन्हात मात्र ठेवू नका, कारण द्राक्षाच्या सालीवर रानटी यीस्ट असतं आणि रस आपोआप आंबायला लागतो.

असं किट आधीच घरी येऊन पडलं असेल, तर यीस्टची पुडी फोडू नका. न आंबवलेला रस हा रसच असतो. वाइन होते ती यीस्ट पडल्यावर, आणि परवान्याचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो.